दानापूर्वीचे कर्तव्य

कारखानदाराने समाजाच्या आरोग्यासाठी काय करावे, असा प्रश्न निघाला की डोळ्यांसमोर रुग्णालयाची इमारत, रुग्णवाहिका आणि दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी उभी राहते. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर विशिष्ट मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान दोन टक्के रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. ही तरतूद स्वागतार्हच आहे. तथापि, नफा झाल्यानंतर दान करणे आणि नफा मिळवतानाच माणसाच्या जिवाची काळजी घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद ज्यांनी आपल्या व्यवहारातून दाखवून दिला, त्या जमशेटजी टाटांचे स्मरण म्हणूनच उचित ठरते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण पूर्ण करून ते वडिलांच्या व्यापारात शिरले आणि १८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली व दोन वर्षांत ती नफ्याने विकली. त्यानंतर ते लँकेशायरला गेले, तेथील गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या आणि मग निश्चय केला तो मुंबईत नव्हे, तर कापूस पिकतो त्या मुलखात गिरणी उभारण्याचा. नागपूरला दलदलीच्या जागेत भर घालून उभी राहिलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली.

नागपूरचा उन्हाळा कोरडा व प्रखर. सूत तुटे आणि माणूसही थके. जमशेटजींनी खात्यांत हवा खेळती राहण्याची आणि ती दमट ठेवण्याची यंत्रे बसविली. कापसाच्या गिरणीला आगीचे भय कायमचे. आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारी नळयोजना त्यांनी केली. या सोयींनी सुताचेही हित झाले आणि कामगाराचेही. त्यांतले कोणते हित आधीचे, असा हिशेब मांडण्याची त्यांना गरज वाटली नाही. कामगार वारंवार गैरहजर राहत, तेव्हा केवळ दंडावर विसंबून न राहता त्यांनी बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई देण्यास आरंभ केला. देशात कामगार भरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर १९५२ साली.

या कार्याचे मोल समजण्यासाठी खानदेशाकडे पाहावे लागते. मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा कापसाच्याच प्रदेशातून जातो. या मार्गाच्या आसपास त्याच काळात सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहत होते. १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला खरा. पण शंभराहून कमी माणसे असलेले आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. कापसाचा हंगामच तो केवढा! ज्या जिनांतील स्त्रियांना संरक्षणाची सर्वांत निकड होती, त्यांतले कित्येक जिन असे कायद्याच्या बाहेर राहिले. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. पहाटे सुरू झालेले काम रात्रीपर्यंत चाले आणि ऐन भरात तर त्याच बायका-पुरुषांना सलग आठ-आठ दिवस, रात्रंदिवस राबविले जाई.

एकाच लोहमार्गावरची ही दोन चित्रे. एम्प्रेस मिलही त्या काळाचीच गिरणी होती. दिवसभराचे काम आणि लहान वयाचे कामगार हे त्या युगाचे दोष तिला सर्वस्वी टाळता आले, असे म्हणता येणार नाही. परंतु तिच्या मालकाने सुरक्षिततेचा खर्च यंत्रसामग्रीच्या खर्चातच धरला, तर जिनांच्या मालकांनी तो खर्च कामगारांच्या शरीरावर टाकला. येथेच सज्जन मालकाच्या सामर्थ्याची मर्यादाही ध्यानात येते. नागपूरचे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही खानदेशचा जिन आपणहून सुधारला नाही. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ साली. चांगल्या माणसाने वाट दाखवावी आणि कायद्याने ती सर्वांना सक्तीची करावी, असाच हा क्रम आहे.

जमशेटजींची दृष्टी मात्र गिरणीच्या भिंतीशी थांबली नाही. पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न पाहत असताना, १९०२ मध्ये, त्यांनी पुत्र दोराबजींना कळविले की, नियोजित गावात रस्ते रुंद असावेत, झाडांची दाट सावली असावी, बागा व खेळांची मैदाने असावीत आणि सर्व धर्मीयांच्या प्रार्थनास्थळांना जागा असावी. कारखान्याला जागाही मिळालेली नव्हती, तेव्हा ते कामगारांच्या सावलीचा विचार करीत होते! १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. ते गाव त्यांना पाहता आले नाही. पुढे जमशेदपूरच्या त्या कारखान्याने १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस स्वीकारला.

एम्प्रेस मिल आता उरलेली नाही. खानदेशात कापूस मात्र आजही पिकतो, जिन आजही हंगामी आहेत आणि हंगामापुरता आलेला मजूर आजही सहज नजरेआड होतो. दोन टक्क्यांच्या कायद्यातील एक बारकावा या संदर्भात मोलाचा आहे. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही. याचा अर्थ उघड आहे. फिरत्या पट्ट्याला जाळी, बाहेर पडण्याची मोकळी दारे, आगीवर पाणी आणि छातीत जाणाऱ्या तंतूंपासून बचाव ही समाजसेवा नव्हे. ते आधीचे देणे आहे. ते चुकते न करता गावात आरोग्य-शिबिर भरविणाऱ्याच्या पदरी दात्याचा मान पडेल, पण जमशेटजींचा वारसा पडणार नाही.