माळावरची उद्योगनगरी

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनंतर धोकादायक कारखाने हलविण्याची मागणी जोर धरू लागली. शहर वाढल्याने कारखाना हलविण्याची वेळ शतकापूर्वी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यावरही आली होती. मात्र त्यांनी केवळ यंत्रे हलविली नाहीत.

२० जून १८६९ रोजी जन्मलेल्या लक्ष्मणरावांनी बढतीत डावलले गेल्याने मुंबईतील अध्यापकाची नोकरी सोडली. बेळगावात ते लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली!

१९१० मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ दिला. तेथे कारखान्याबरोबरच कामगारांची घरे उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यतेला मज्जाव होता. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्यांना चक्क रखवालीचे काम मिळाले. अशा विश्वासामुळेच निवडुंगाच्या त्या माळावर माणसे टिकली असावीत. महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडविले गेले. पुढे येथूनच पंप देशभर गेले. लक्ष्मणरावांचे निधन १९५६ मध्ये झाले. किर्लोस्करवाडीतील कारखाना आजही सुरू आहे.