हेमचंद्राचार्य

आचार्य हेमचंद्र (इ.स. १०८८ – सु. ११७३) हे गुजरातमधील श्वेतांबर जैन आचार्य, वैयाकरण, कोशकार व कवी होते. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल या चालुक्य (सोळंकी) राजांच्या दरबारी त्यांना मोठा मान होता.

बालपण व दीक्षा

त्यांचा जन्म धंधुका येथे मोढ वणिक कुळात झाला. मूळ नाव चांगदेव. आईचे नाव पाहिणी, वडिलांचे चाचिग. चांगदेव लहान असतानाच देवचंद्रसूरींनी त्याला पाहिणीकडे मागितले. त्या वेळी चाचिग परगावी होता आणि मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीनुसार (इ.स. १३०५ च्या सुमारास) तो जैन मताचा नव्हता. त्यामुळे पाहिणी अडखळली, पण अखेर तिने मूल गुरूंच्या स्वाधीन केले.

परतल्यावर चाचिगाने मुलाचे तोंड पाहीपर्यंत अन्नत्याग केला व तडक गुरूंकडे धाव घेतली. मंत्री उदयनाने त्याचा सत्कार केला, चांगदेवाला त्याच्या मांडीवर बसवले आणि वस्त्रांसह तीन लाख द्रव्य पुढे ठेवले. चाचिगाने ते शिवनिर्माल्यासारखे अस्पर्श मानून नाकारले. पुत्र अमोल आहे, पण उदयनाची भक्ती त्याहून मोलाची, असे म्हणून त्याने मूल दिले. ही कथा जैन साधूंनी शतकाहून अधिक काळ लोटल्यावर लिहिलेली आहे, त्यामुळे पित्याच्या संमतीचा भाग जपूनच वाचावा लागतो. तरी त्याचा संताप त्यांनी लपवला नाही, हे लक्षणीय आहे. मुलाला काय वाटले, याला मात्र या कथेत फारसे स्थान नाही.

दीक्षा खंभात येथे झाली व सोमचंद्र हे नाव मिळाले. दीक्षेच्या वेळचे वय प्रभावकचरितात पाच वर्षे येते, इतरत्र आठ-नऊ. एकविसाव्या वर्षाच्या सुमारास आचार्यपद मिळून ते हेमचंद्र झाले.

कार्य

सिद्धराजाच्या प्रेरणेने त्यांनी सिद्धहेमशब्दानुशासन हे व्याकरण रचले. त्याचा आठवा अध्याय प्राकृत व अपभ्रंश भाषांना वाहिलेला आहे. मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीचा शोध घेणाऱ्यांना तो अध्याय आणि देशीनाममाला हा कोश आजही हाताशी लागतात. योगशास्त्र, द्व्याश्रयकाव्य व त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र ही त्यांची इतर प्रसिद्ध रचना होय. त्यांच्या प्रभावामुळे कुमारपालाने राज्यात पशुहत्येवर बंदी घातली.

पाहिणीनेही पुढे दीक्षा घेतली. तिच्या अंतसमयी हेमचंद्रांनी एक कोटी नमस्कारांचे पुण्य तिला अर्पण केले, असे मेरुतुंग सांगतो.