जेवणाच्या टेबलावरचा शब्दकोश

मागच्या वर्षी आमच्या लेकीनं बारावीनंतर जाहीर केलं, की तिला स्पॅनिश भाषेत पदवी घ्यायचीय. दिल्लीला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात. बी. ए. ऑनर्स, स्पॅनिश! घरात आधी शांतता आणि मग एकच गोंधळ. सासूबाईंना वाटलं, पोर आता परदेशीच चालली. जाऊबाईंचं म्हणणं, भाषा तर सहा महिन्यांच्या क्लासमध्येही येते, त्यासाठी आयुष्याची तीन वर्षं कशाला? आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. मी गेली बावीस वर्षं गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करतेय. पुस्तकांवर जीव लावून पोट भरत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण ती गेली. ह्यांनी मला न विचारता फी भरली, म्हणून मी आठवडाभर धड बोलले नाही. मग लेकीचे फोन सुरू झाले. आपला 'बटाटा' आणि 'पगार' पोर्तुगीजांकडून आलेत आणि स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, हे ऐकून सासूबाई खूश. आणि एकदा तिनं एका बाईचं नाव सांगितलं. मारिया मोलिनेर. स्पॅनिश शिकणाऱ्याला या बाईच्या शब्दकोशावाचून गत्यंतर नाही म्हणे. ही बाई पेशानं ग्रंथपाल होती, असंही ती मुद्दाम म्हणाली. माझा रुसवा कुठं दुखतोय ते तिला बरोबर कळलं होतं!

मग मी तिची माहिती काढत गेले, आणि गुंतत गेले.

मारियाचा जन्म १९०० सालच्या मार्चमधला, स्पेनमधल्या पानिसा नावाच्या लहानशा गावातला. वडील गावचे डॉक्टर. पुढं कुटुंब माद्रिदला आलं, मुलांची शाळा सुरू झाली. वडील जहाजावर डॉक्टर म्हणून जायला लागले आणि एकदा अर्जेंटिनाला गेले ते परत आलेच नाहीत. तिकडेच राहिले. मागे आई आणि तीन मुलं. मारिया तेव्हा शाळेत होती. आई मुलांना घेऊन सारागोसाला परतली आणि ही शाळकरी पोर शिकवण्या करून घराला हातभार लावू लागली. अशा घरात मुलीचं शिक्षण पहिलं थांबतं, हे आपण किती वेळा पाहिलंय! इथं मात्र आईनं ते थांबू दिलं नाही.

मारियाला भाषेची ओढ होती. विद्यापीठात जाण्याआधीच ती एका संस्थेत स्थानिक बोलीच्या शब्दकोशाचं काम करत होती. पण सारागोसाच्या विद्यापीठात कला शाखेला तेव्हा इतिहास हाच एक विभाग होता. घर सोडून दुसऱ्या शहरी जाणं परवडण्यासारखं नव्हतं. तिनं इतिहास घेतला आणि १९२१ मध्ये विशेष पारितोषिकासह पदवी मिळवली. हा विषयाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं तो तिला नडणार आहे.

१९२२ मध्ये स्पर्धा परीक्षा देऊन ती सरकारी अभिलेखागार आणि ग्रंथालयांच्या सेवेत लागली. मुर्सियाच्या विद्यापीठात शिकवणारी ती पहिली बाई. तिथंच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फर्नान्दो रामोन यांच्याशी ओळख झाली, १९२५ मध्ये लग्न झालं. मुलं झाली, संसार वालेन्सियाला गेला.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताक आलं आणि नव्या सरकारनं खेड्यापाड्यांत पुस्तकं पोचवण्याची मोहीम काढली. खेड्यातल्या शाळेत शंभरेक पुस्तकांचं छोटं ग्रंथालय द्यायचं, ते शाळेपुरतं न ठेवता गावाला खुलं करायचं. वालेन्सिया भागात मारियानं या कामाला वाहून घेतलं. गावोगाव फिरून ती ही ग्रंथालयं बघायची. १९३७ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, तिनं खेड्यातल्या ग्रंथपालांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहिली. वाचकाशी कसं वागावं, पुस्तक त्याच्यापर्यंत कसं न्यावं, खेड्यातल्या माणसाला वाचनाची गरजच नसते हा समज डोक्यातून कसा काढावा, असं सगळं. हे कळलं तेव्हा मी माझ्या वाचनालयातल्या डुगडुगत्या टेबलाशी बसले होते. वाटलं, ही तर आपलीच कुणीतरी!

१९३९ मध्ये युद्ध संपलं, फ्रँको जिंकला. प्रजासत्ताकासाठी काम केलेल्यांची चौकशी सुरू झाली. नवऱ्याचं प्राध्यापकपद गेलं. मारियाला सेवाज्येष्ठतेच्या यादीत १८ पायऱ्या खाली ढकललं. तिचा गुन्हा काय, तर खेड्यात पुस्तकं पोचवली! नवऱ्याला काही वर्षांनी पुन्हा पद मिळालं, पण १९४६ पासून ते सालामान्काला आणि ही माद्रिदला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात. मोठं स्वप्न पाहिलेल्या बाईच्या वाट्याला आता तांत्रिक पुस्तकांची कपाटं उरली होती. तोंडातून अवाक्षर न काढता ती नोकरी करत राहिली.

मुलं मोठी झाली. १९५२ च्या सुमारास एका मुलानं पॅरिसहून येताना तिच्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांचा एक शब्दकोश आणला. तो चाळताना तिच्या मनात आलं, की स्पॅनिशला असा कोश का असू नये? वय बावन्न. तिला वाटलं, काम थोडक्यात आटपेल. लागली पंधरा वर्षं! हाताशी मदतनीस नाही, कचेरी नाही. पहाटे उठून काम, मग नोकरी, परत आल्यावर पुन्हा काम. जेवणाच्या टेबलावर शब्दांच्या चिठ्ठ्यांच्या चळती. जेवायची वेळ झाली की चळती बाजूला, जेवण झालं की पुन्हा टेबलावर. आपल्यापैकी कितीजणींनी ओट्याच्या कोपऱ्यावर अभ्यास केलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या कोशात नवीन काय होतं? स्पॅनिश भाषेची अकादमी १७१३ सालची, तिचा कोश प्रमाण मानला जाई. पण त्यात बऱ्याचदा अर्थाचा गोल गोल खेळ चाले. म्हणजे 'खिन्न' बघितलं तर 'उदास', आणि 'उदास' बघितलं तर 'खिन्न'! मारियानं हे गोल तोडले आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सोप्या भाषेत नव्यानं लिहिला. शिवाय शब्द वापरायचा कसा, तेही दिलं. आपण पोळी लाटतो, भाकरी थापतो, चहा टाकतो. परक्या माणसाला हे कोण सांगणार? स्पॅनिशमध्ये म्हणे कुणाचं स्वप्न पडत नाही, कुणाच्या 'सोबत' स्वप्न पाहिलं जातं. असली सोबत कुठल्या क्रियापदाला कुठल्या शब्दाची, हे तिनं नोंदवलं. एखादी कल्पना मनात आहे पण शब्द सापडत नाही, तर तिथवर जायची वाटही करून दिली. म्हणून तर स्पॅनिश शिकणाऱ्यांना हा कोश आईसारखा वाटतो.

१९६६ मध्ये पहिला खंड आला, १९६७ मध्ये दुसरा. सुमारे तीन हजार पानं. स्पॅनिश वर्णमालेतली दोन जोडाक्षरं स्वतंत्र न धरता तिनं ती मूळ अक्षराखाली लावली होती. हीच पद्धत स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी १९९४ मध्ये स्वीकारली!

आणि १९७२ मध्ये काही विद्वानांनी तिचं नाव अकादमीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं. तोवर तिथं मतदानानं निवडून गेलेली बाई एकही नव्हती. मारियाही गेली नाही. निवड झाली एमिलिओ आलार्कोस या भाषातज्ज्ञाची. ते विद्वान होते, त्यात शंका नाही. पण मारियाची पदवी भाषाशास्त्राची नव्हे, हा आक्षेप पुढं आलाच. विषय नडला तो असा. खरं कारण ती बाई होती हेच, असं पुष्कळांना तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. अकादमीवर पहिली बाई, कवयित्री कार्मेन कोन्दे, निवडून आली ती १९७८ मध्ये.

तोवर मारियाला उशीर झाला होता. १९७४ मध्ये नवरा गेला. त्यानंतर लवकरच तिच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं डोकं वर काढलं. आठवण पुसत गेली. हजारो शब्दांचा एकटीनं संसार मांडलेल्या बाईजवळ शेवटी शब्दच उरले नाहीत. २२ जानेवारी १९८१ ला ती गेली. गाब्रिएल गार्सिया मार्केससारख्या लेखकानं तिच्यावर आवर्जून लेख लिहिला. तिचा कोश अजून छापला जातो, अजून वापरला जातो.

दिवाळीत लेक घरी आली. त्या पदवीचा उपयोग काय, हे मी यावेळी विचारलं नाही. मारियाला हवा तो विषय मिळाला नाही आणि माझ्या पोरीला मिळाला, एवढं मला पुरलं. नोकरीचं तिचं ती बघेल.

आणखी एक झालं. सासूबाई सूप घेऊन अंगणात बसल्या होत्या. लेकीनं विचारलं, आजी, हे पाखडणं ना? सासूबाईंनी हात थांबवून दाखवलं, की हे पाखडणं, हे घोळणं आणि हे आसडणं. तिन्हींत हाताची चाल निराळी. मी बावीस वर्षं पुस्तकांत बसलेली, पण त्यांच्या तोंडचे शब्द कधी लिहून ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून येताना कोऱ्या कार्डांचा गठ्ठा विकत आणला. माझं वय एकोणपन्नास. मारियापेक्षा तीन वर्षं आधी सुरुवात झाली म्हणायची!

सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर चळत आहे. ह्यांची थोडी कुरकुर चालते. चालू दे.