राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट म्हटले की आम्हांला दुसरे महायुद्ध आठवते, चाकांची खुर्ची आठवते. त्यांच्या रक्तदाबाची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यू यॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे झाला. तेथील सेंट जेम्स मंडळीचे ते वॉर्डन होते, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ती सेवा त्यांनी सोडली नाही. १९२१ साली पोलिओने त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले. तरीही १९३३ साली ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि एकंदर चार वेळा निवडून आले.

१९३७ साली त्यांचा रक्तदाब १६२/९८ होता, १९४१ साली १८८/१०५. आज आपण दचकू. त्या काळी मात्र वयाबरोबर दाब वाढायचाच, किंबहुना तो शरीराला लागतोच, असे मोठमोठे डॉक्टरही मानीत. शिवाय त्यांचे खाजगी डॉक्टर मॅकइन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. प्रकृती उत्तम आहे असेच ते लोकांना सांगत राहिले.

मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले. दाब १८६/१०८, हृदय वाढलेले, चालताना धाप. वर्षानुवर्षे जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो. येथे तेच झाले होते. ब्रुएन यांनी डिजिटालिस सुरू केले, मीठ व सिगारेटी कमी करविल्या, विश्रांती घ्यायला लावली. धाप उतरली. दाब उतरेना, कारण तो सुरक्षितपणे उतरविणारी गोळीच तेव्हा नव्हती. आपल्याला कसले औषध देतात, हे रूझवेल्ट यांनी कधी विचारलेही नाही. (आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांनाही हा स्वभाव परका नाही!)

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे, चित्रकारासमोर बसले असता, डोके असह्य दुखून ते बेशुद्ध पडले. दाब ३००/१९० वर गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दुपारी ते वारले. वय अवघे ६३.

१९४८ साली त्यांच्यामागून आलेल्या ट्रूमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांची पाहणी सुरू झाली. पाच हजारांवर माणसे वर्षानुवर्षे तपासून घेत राहिली, तेव्हा कळले की वाढलेला दाब हा म्हातारपणाचा सोबती नसून हृदयविकाराचे कारण आहे. क्लोरोथायझाइडची गोळी १९५८ साली मिळू लागली, म्हणजे रूझवेल्ट गेल्यावर तेरा वर्षांनी.