मुल्की कोण आणि परका कोण?

गेल्या जूनमध्ये नातीच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र काढायला रांगेत उभा होतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणा, असे खिडकीतून सांगण्यात आले. पुरावे शोधायला घरी आजोबांची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी एक पिवळा पडलेला उर्दू कागद सापडला. ते आजोबांचे मुल्की सर्टिफिकेट होते.

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सरकारी नोकरी हवी तर माणूस मुल्की, म्हणजे मुलखातला असावा लागे. १९१९ च्या फर्मानाने त्याचे नियम पक्के केले. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे सलग राहायचे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडला असे प्रतिज्ञापत्र द्यायचे, तेव्हा कुठे तो मुल्की. संस्थानच्या सरहद्दीच्या आत असा हा स्थलांतराचा कायदाच होता.

हा विषय निघाला की मला स्वामी रामानंद तीर्थ आठवतात. आजच्या कर्नाटकात ३ ऑक्टोबर १९०३ रोजी जन्मलेले हे व्यंकटेश भवानराव खेडगीकर. सोलापूर, अंमळनेर, पुणे अशा ठिकाणी शिक्षण झाले. कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. पुढे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले, संन्यास घेतला आणि १९३५ साली आमच्या अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक म्हणून आले. गावाचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद. मला नेहमी वाटते, परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र संन्याशाकडून काय म्हणून घ्यायचे? त्याने तर घरदार आधीच सोडलेले! आणि इथे त्यांना परके तरी कोण म्हणणार होते? योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. दूरदेशीचा माणूस दारात आला तर या गावाला त्याचे नवल नसते.

१९३८ साली स्वामीजींनी शाळा सोडून स्वतःला चळवळीत झोकून दिले. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. बाहेरच्या संस्थेशी नाते नको, हा सरकारचा एक मुख्य आक्षेप होता. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. ती बंदी उठायला १९४६ साल उजाडले. ऑगस्ट १९४७ मध्ये पुन्हा अटक झाली. रझाकारांच्या त्या काळात सीमेवरची कितीतरी कुटुंबे रातोरात शेजारच्या नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत गेली. मुल्की म्हणवणारे आपल्याच मुलखातून निर्वासित झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

पण मुल्कीचा प्रश्न संपला नाही. मुक्तीनंतर बाहेरचे अधिकारी आणि कारकून आले, नोकऱ्या त्यांनाच मिळतात अशी कुरकुर वाढली, आणि १९५२ साली हैदराबादेत आंदोलनाला गोळीबाराचे गालबोट लागले. कॅरन लिओनार्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७८ साली या वादावर लिहिले. सालारजंगाने राज्यकारभारासाठी बाहेरची माणसे आणली तेव्हापासून ‘मुल्की’ या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, हे त्यांनी दाखवले. शब्द एकच, पण प्रत्येक पिढीत त्याच्या आड उभी राहणारी माणसे वेगळी.

राज्यघटनेने कलम १६ मध्ये सरकारी नोकरीत निवासावरून भेदभावाला मनाई केली आणि तशी अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला. स्वामीजी पहिल्या दोन्ही लोकसभांत होते. हैदराबादचे भाषावार विभाजन व्हावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखात आला. पण इथल्या माणसांची धास्तीही खोटी नव्हती. म्हणूनच तर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे कबूल करावे लागले.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, नेमक्या त्यांच्या जन्मदिनी, सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरवले. स्वामीजींना गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव तेव्हा आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते. किनारी आंध्रात ‘जय आंध्र’ आंदोलन पेटले आणि त्यात रावांचे मुख्यमंत्रिपद गेले. अखेर १९७३ साली संसदेने ते नियम रद्द केले.

पेटीतला कागद हातात घेऊन मी विचार करत बसलो. त्या कागदाने आजोबांना काही काळ आधार दिला, हे मी नाकारणार नाही. पण दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांचे तांडे निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकात. तिथे ते परके असतात. पोरांची शाळा सुटते, रेशनचे दुकान मागे राहते. परमुलखात राबणाऱ्यांसाठी १९७९ साली केंद्राने आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केला, पण फडात कोपी घालून राहणाऱ्या बाईपर्यंत तो क्वचितच पोचला. बाहेरचे लोक नकोत, असे आपल्याकडे कोणी म्हणू लागले की मला ही माणसे दिसतात.

महिन्याभराने नातीचे प्रमाणपत्र आले. प्रवेशाचे काम झाल्यावर मी ते त्याच पेटीत, आजोबांच्या कागदाशेजारी ठेवले. आजोबा, त्यांना शिकवणारे ते संन्यासी मास्तर कुठून आले होते, असे नातीने विचारले. तिला मी हे सगळे सांगितले, तेच आज तुम्हांलाही.