विनोबांचा एकांत

तळ्याहून मांदाडच्या खाडीकडे निघाले की कुड्याची लेणी लागतात. डोंगरात कोरलेली २६ लेणी, आत भिक्षूंच्या लहान खोल्या आणि निजायला दगडी ओटे. खालच्या खाडीत एके काळी व्यापाऱ्यांची वर्दळ असे. लेण्यांचा खर्च उचलणाऱ्यांत व्यापारी, वैद्य, माळी होते, असे तिथले शिलालेख सांगतात. माणसांपासून फार लांब न जाता एकटे बसता यावे, अशी ती सोय होती.

याच रायगड जिल्ह्यात, पेणजवळच्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे देश त्यांना विनोबा म्हणू लागला. भूदानाच्या गर्दीतले विनोबा सर्वांना ठाऊक असतात; पण ती गर्दी पेलण्याचे बळ कुठून आले, ते पाहायचे तर त्यांच्या एकांताकडे वळावे लागते.

पहिला धडा घरातच मिळाला. आई रुक्मिणीबाई सर्वांची जेवणे आटोपली की, स्वतःचे पान वाढून घेण्याआधी, देवापुढे बसत. पूजा संपताना त्यांचे डोळे भरून येत. दिवसभर राबणाऱ्या बाईचा तेवढाच स्वतःचा वेळ! मुलगा ते पाहत होता. आपल्या घरांत आजही आईच्या अशा पाच मिनिटांत कुणीतरी हाक मारतेच.

एका तुरुंगवासात विनोबांना आठ-नऊ फुटांच्या कोठडीत एकटे ठेवले. पुस्तक नाही, कागद नाही, काम नाही. दुसरा एखादा खचला असता. विनोबांनी दिवसाचे वेळापत्रकच आखले: इतके तास झोप, इतके ध्यान आणि उरलेला वेळ त्या कोठडीतच संथ येरझाऱ्या. मध्यरात्री डोळे मिटून चालणारा हा कैदी पाहून पहारेकरीही चक्रावला. शिक्षेचे त्यांनी शिबिर करून टाकले, आणि ते जमले याचे कारण एकटे बसण्याची सवय आधीपासूनच होती. नेमाने मुरलेली गोष्टच अडचणीत कामी येते.

१९३८ साली प्रकृती पार ढासळली, वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी हवापालटाचा सल्ला दिला, तेव्हा विनोबांनी थंड हवेचे ठिकाण न निवडता वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदी ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या साऱ्या चिंता मनातून खाली ठेवल्या. मग रोज थोडे खणणे आणि बाकी शांतता. काही महिन्यांत वजन चाळीसएक पौंडांनी वाढले. औषध कोणते लागू पडले, हे वैद्यांनी ठरवावे. मला वाटते, चिंता खाली ठेवता येणे हे त्यातले मोठे होते.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि पुढची तेरा वर्षे पायपीट चालली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने जाहीर झाली. रोज नवे गाव, नवी सभा, नवी गाऱ्हाणी. पण पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना आणि अंधारातच वाटेला लागणे चुकले नाही. गावाने डोळे उघडण्याआधी विनोबांचा स्वतःशी संवाद होऊन गेलेला असे.

एवढे लिहिल्यावर एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. २५ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी वर्षभराचे मौन धरले. सहा महिन्यांनी देशात आणीबाणी आली. मौनात त्यांनी दर्शवलेल्या दोन शब्दांचा सरकारने जाहिरातीसारखा वापर करून घेतला. पहाटेचा एकांत त्यांना रोज माणसांत परत आणत होता. या वर्षभराच्या मौनाने मात्र त्यांना जवळच्यांपासूनच दूर नेले, असे मला वाटते. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटले, तेव्हा सर्वोदयातले त्यांचे कितीतरी सहकारी तुरुंगात होते.