आवडता आणि नावडता सेन्ना

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे एखाद्या देखण्या बैलजोडीभोवती चार माणसे जमली की शर्यतीचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यती परतल्या, तसे मुरबाड-शहापूरच्या पारावरचे जुने वादही परतले. कोणाची जोडी पहिली आली, एवढ्यावर हे वाद मिटत नाहीत. ती कशी आली, गाडीवानाने दुसऱ्याच्या वाटेत गाडी आडवी घातली का, हरल्यावर तो कसा वागला, यावरून पक्ष पडतात. एकदा पडलेला पक्ष सहसा कोणी सोडत नाही.

मोटार शर्यतींच्या जगातही हेच घडते. ज्याच्यावरून शौकिनांचे असे दोन तट पडले आणि मृत्यूनंतरही मिटले नाहीत, असा चालक म्हणजे ब्राझीलचा आयर्टन सेन्ना.

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पावलो येथे एका सधन कुटुंबात झाला. वडिलांचे आडनाव दा सिल्वा. ब्राझीलमध्ये ते घरोघर आढळणारे असल्याने पुढे त्याने आईचे सेन्ना हे आडनाव लावले. लहानपणी त्याच्या हालचालींत सफाई नव्हती, मूल अडखळते म्हणून घरात काळजी होती. चौथ्या वर्षी वडिलांनी त्याला एक छोटी कार्ट बनवून दिली आणि त्या चाकामागे बसताच त्याचे अडखळणे नाहीसे झाले. तेराव्या वर्षी तो पहिली शर्यत धावला. १९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि १९८३ मध्ये त्याने तेथील फॉर्म्युला थ्रीचे अजिंक्यपद मिळविले.

फॉर्म्युला वनमध्ये तो १९८४ साली आला तो टोलमनसारख्या दुबळ्या संघातून. त्याच वर्षी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर मुसळधार पावसात तेराव्या स्थानावरून निघून तो दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. आघाडीवरच्या अॅलन प्रॉस्टला तो गाठणार असे दिसत असतानाच ३१ फेऱ्यांनंतर शर्यत थांबविण्यात आली. विजय प्रॉस्टला मिळाला, पण शर्यत अपुरी म्हणून गुण निम्मेच. त्या वर्षी प्रॉस्टचे अजिंक्यपद अवघ्या अर्ध्या गुणाने हुकले. सेन्नाचे चाहते मात्र त्या दिवसापासून तयार झाले. दुबळ्या गाडीतून बलाढ्यांना भिडणारा माणूस कोणत्याही मैदानावर लोकांना आवडतो.

पुढच्या वर्षी लोटस संघाकडून पोर्तुगालमध्ये त्याने पहिला विजय मिळविला, तोही पावसातच. १९८६ मध्ये डेट्रॉइटला जिंकल्यावर त्याने गाडीतून ब्राझीलचा ध्वज फडकविला. आदल्याच दिवशी फुटबॉलच्या विश्वचषकात ब्राझील फ्रान्सकडून हरला होता. लष्करी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि महागाईने गांजलेल्या त्या देशाला रविवारच्या दुपारी अभिमान वाटावा असे काहीतरी सेन्ना देत होता. ब्राझीलने त्याच्यावर जे प्रेम केले, त्याचे मूळ येथे आहे.

१९८८ मध्ये तो मॅक्लारेनमध्ये प्रॉस्टचा सहकारी झाला. त्या वर्षीच्या सोळांपैकी पंधरा शर्यती या संघाने जिंकल्या. आठ सेन्नाने, सात प्रॉस्टने. एकूण गुण प्रॉस्टचे अधिक होते. तथापि सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे, या तेव्हाच्या नियमामुळे अजिंक्यपद सेन्नाकडे गेले. प्रॉस्ट हा हिशेबी चालक होता. गाडी आणि टायर जपत, गरजेपुरताच वेग घेत तो जिंकत असे आणि म्हणूनच त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. सेन्ना प्रत्येक फेरी शेवटची असल्यासारखी चालवी. एकाच्या चाहत्यांना दुसरा आवडणे जवळजवळ अशक्य होते.

१९८९ मध्ये जपानमधील सुझुका येथे दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या. सेन्ना पुन्हा निघाला, जिंकला आणि बाद ठरविला गेला. अजिंक्यपद प्रॉस्टला मिळाले. महासंघाचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र हे प्रॉस्टप्रमाणेच फ्रेंच असल्याने सेन्नाच्या चाहत्यांच्या मनात संशयाने घर केले. पुढच्या वर्षी त्याच सुझुकाला पहिल्या स्थानावरून सुटण्याचा मान सेन्नाने मिळविला, पण ती जागा धुळकट बाजूला होती. ती बदलण्याची त्याची मागणी मान्य झाली नाही. शर्यत सुटली, प्रॉस्ट पुढे गेला आणि पहिल्याच वळणावर सेन्नाने गाडी त्याच्यावर घातली. दोघेही बाहेर फेकले गेले. गुणांच्या हिशेबाने सेन्ना अजिंक्य ठरला. आपण हे ठरवून केले, अशी कबुली त्याने वर्षभरानंतर दिली.

सेन्नावरील नाराजीचे खरे कारण हेच आहे आणि ते हलके नाही. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगात दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे हे कोणत्याही अन्यायाचे उत्तर होऊ शकत नाही. सेन्ना श्रद्धाळू होता, बायबल वाचत असे. या श्रद्धेमुळे आपल्याला काही होणार नाही असे त्याला वाटते आणि म्हणून तो इतरांना धोकादायक ठरतो, अशी टीका प्रॉस्टने केली होती. ही टीका केवळ मत्सरातून आली, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु याच माणसाची दुसरी बाजूही आहे. १९९२ मध्ये बेल्जियममधील सरावात फ्रेंच चालक एरिक कोमास अपघातात बेशुद्ध पडला, तेव्हा सेन्ना आपली गाडी थांबवून धावत्या गाड्यांमधून त्याच्याकडे पळत गेला आणि त्याने त्याच्या गाडीचे इंजिन बंद केले. १९९१ मध्ये मायदेशातील पहिला विजय मिळविताना त्याच्या गाडीचा अखेरीस एकच गिअर उरला होता. शर्यत संपली तेव्हा चषक उचलण्याचेही त्राण त्याच्या अंगात नव्हते. त्या वर्षी तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला.

१९९४ मध्ये तो विल्यम्स संघात गेला. इटलीतील इमोला येथे ३० एप्रिलला ऑस्ट्रियाचा रोलांड राट्झेनबर्गर पात्रता फेरीत मृत्यूमुखी पडला. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, सातव्या फेरीत तांबुरेलो वळणावर सेन्नाची गाडी भिंतीवर आदळली. तो ३४ वर्षांचा होता. त्याच्या गाडीत ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. जिंकल्यावर तो राट्झेनबर्गरच्या स्मरणार्थ फडकवायचा होता.

ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला. साओ पावलोत लाखो लोक रस्त्यावर उतरले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता. त्याच वर्षी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी बहीण व्हिव्हियाने हिने भावाच्या नावाने संस्था उभारली. मोटार शर्यतींत सुरक्षेचे नियम कडक झाले. त्यानंतर २०१४ मध्ये सुझुकाला ज्यूल्स बियांकीला जीवघेणा अपघात होईपर्यंत फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेला नाही. आपल्याकडील शौकिनांना सेन्ना हे आडनाव २०१० मध्ये पुन्हा भेटले. त्याचा भाचा ब्रुनो त्या वर्षी चेन्नईच्या करुण चंढोकचा संघसहकारी होता.

१६१ शर्यती, ४१ विजय, ६५ वेळा पहिल्या स्थानावरून सुटण्याचा मान, मोनॅकोत सहा विजय. हे आकडे दोन्ही पक्षांना मान्य आहेत. वाद आहे तो सुझुकाच्या त्या एका वळणाचा. बैलगाडीच्या शर्यतीत वाट अडविणाऱ्या गाडीवानाला मुरबाडचा जाणता शौकीन कधी माफ करीत नाही आणि जिवावर उदार होऊन धावणाऱ्याला कधी विसरतही नाही. सेन्नाच्या वाट्याला हे दोन्ही आले. त्याच्या शत्रुपक्षातला सर्वांत मोठा माणूस मात्र शेवटी त्याच्या शवपेटीखाली उभा राहिला, एवढे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे.